शेण खोटं बोलत नाही

भाड्याची खोली बघायला आलेल्या माणसाला कुणी आधी उकिरडा दाखवत नाही. त्यांनी मला तो दाखवला. मी दारात ट्रंक आणि वळकटी टेकवून घामानं डबडबलेली उभी, आणि हे गृहस्थ मला घराला वळसा घालून परसात घेऊन गेले. गोठ्यामागे शेणाचा खड्डा होता. त्याच्या काठावर उभं राहून त्यांनी हातातली काठी शेणाच्या एका ताज्या पोवाकडे रोखली.

"ही आमच्या कपिलेची तब्येत. गाय कशी आहे असं तुम्ही मला विचाराल, मी म्हणेन उत्तम. पण माझ्या म्हणण्यावर तुम्ही का विश्वास ठेवावा? शेण बघा. शेण खोटं बोलत नाही."

मी म्हटलं, मी गाय बघायला आलेली नाही, खोली बघायला आले आहे.

"तेच सांगतोय. खोलीबद्दलही मला विचारू नका. भिंतींना हात लावून बघा."

मी हात लावला. भिंती कोरड्या होत्या. राहिले. चांगली चार वर्षं राहिले, आणि त्या चार वर्षांत त्यांचा माझ्यावर किती विश्वास बसला हे मला आजही सांगता येणार नाही.

मुरुडच्या अलीकडे समुद्राला लागून ते गाव होतं. संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी पेणची, नोकरी पहिलीच, मुलींच्या शाळेवर. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गुरांचे डॉक्टर. बायको वारलेली, मूलबाळ नाही. वडिलार्जित नारळीची वाडी, एक गाय आणि एक कुत्रा एवढाच त्यांचा संसार. उंच, किडकिडीत, अंगात खाकी शर्ट आणि खाली धोतर. त्यांच्या चेहऱ्यावर काय असेल तर नाक. ते नाक त्यांनी आयुष्यभर राबवलं होतं. पोस्टमननं पत्र दिलं की आधी हुंगायचं, मग उलटसुलट बघायचं, मग लिफाफा उजेडाकडे धरायचा आणि मगच फोडायचा. देवळातला प्रसादसुद्धा हुंगून तोंडात टाकत. गुरव त्यांना प्रसाद देताना दुसरीकडे बघायचा.

मी राहायला गेले त्या आठवड्यात एका सकाळी माझ्या उंबऱ्याबाहेर रांगोळीची पूड भुरभुरलेली दिसली. मला वाटलं, नव्या बिऱ्हाडकरणीचं स्वागत आहे. संध्याकाळी शाळेतून आले तर हे गृहस्थ वाकून त्या पुडीतली पावलं बघत होते. "तुमची चार," ते म्हणाले, "आणि मांजराची. बरोबर आहे." मग त्यांनी केरसुणी आणून ती पूड स्वतः झाडली.

दूध तपासायची काचेची नळी ते पितळी कोशात घालून बरोबर बाळगत. कुठे चहाला बोलावलं की दुधाच्या भांड्यात ती बुडवायची. एका मुंजीत त्यांनी ती बासुंदीत बुडवली. नळी आडवी झाली. यजमान म्हणाले, डॉक्टर, बासुंदीत ती चालायची नाही. "चालत नाही, म्हणजे मोजता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि जे मोजता येत नाही त्याच्यात काहीही असू शकतं." आणि पानावर बसून त्यांनी तीन वाट्या बासुंदी खाल्ली.

मी एकदा चिडून म्हटलं, "डॉक्टर, तुमचा स्वभाव फार संशयी आहे."

"स्वभाव नव्हे, बाई. धंदा आहे."

ते खरंही होतं. निवृत्त झाले तरी आसपासच्या वाड्यांवरून लोक गुरं घेऊन यायचेच. बाई म्हैस घेऊन आली आणि "दाक्तर, कालपास्नं ही..." असं सुरू झाली, की डॉक्टर हात वर करायचे. "तुम्ही गप्प बसा. ती सांगेल." आणि म्हशीमागे जाऊन उभे राहायचे. मालकाला ते एकही प्रश्न विचारत नसत. काय खायला घातलं, कधीपासून आजारी आहे, काही नाही. कधी गोठ्यावर जायचं झालं तर पुढच्या दारानं जात नसत, मागनं जात. मालक पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन पुढच्या अंगणात, आणि डॉक्टर मागे उकिरड्यात काठी घालून बसलेले.

वासरू हागवणीला लागलं असेल तर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "दूध तोडा. दोन दिवस नुसती पातळ पेज." यावर मालकीण हमखास हरकत घ्यायची. आईचं दूध कसं बाधेल, म्हणायची. त्यावरचं दुसरं वाक्यही ठरलेलं. "दूध कुणाचं आहे हे आतड्याला कळत नाही. आतड्याला नातं नसतं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की वर्गात मुलींना शुद्धलेखन घालताना एकदा तेच सांगून बसले.

संशय हा लागणारा रोग आहे हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या वर्षी मी तेलाच्या बाटलीला दोरा बांधून तेल कुठवर आहे याची खूण करायला लागले. शाळेतल्या मुख्याध्यापिका माझ्याबद्दल वर काही लिहीत असाव्यात असं मला वाटायला लागलं. त्यांनी आपण होऊन दिलेला लाडू मी हुंगला, तेव्हा माझी मलाच भीती वाटली.

एका दुपारी पडवीत सुपारी कातरताना त्यांनी आपण होऊन मला एक गोष्ट सांगितली. त्यानंतर पुन्हा कधी तिचा विषय काढला नाही.

नोकरीत असताना ते माणगावकडच्या गावांतून हिंडायचे. तिथल्या एका शेतकऱ्याची चांगली दुभती गाय वाळत चालली होती. ताप नाही, खाणं व्यवस्थित, डोळे स्वच्छ, आणि शेण मात्र पाण्यासारखं, महिनोन्महिने. गावानं ठरवलं, दृष्ट. डॉक्टरांनी ओळखलं, हा आतड्याला सूज आणणारा रोग आहे. याला औषध नाही. तो शेणातून पसरतो आणि वासरांना लहानपणी लागून पुढे काही वर्षांनी उठतो. त्यांनी शेतकऱ्याला बजावलं, गाय वेगळी बांध, तिचं शेण दुसऱ्या गोठ्याकडे जाऊ देऊ नको, वासरं तिच्या जवळपास नकोत. महिन्यानं गेले तेव्हा विचारलं, वेगळी बांधतोस ना? शेतकऱ्यानं वासराच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. डॉक्टरांनी विश्वास ठेवला.

"आणि त्यानं काय केलं असेल, बाई? गायीला धुतली, शिंगं रंगवली, झूल घातली, आणि लेकीच्या लग्नात आंदण म्हणून सासरी पाठवून दिली."

"मुद्दाम?" मी विचारलं.

"मुद्दाम कसली? त्याला वाटलं, जागा बदलली की दृष्ट उतरेल. आणि पोरीला घरचं दूध मिळेल. लेकीवर माया होती त्याची."

दोन-तीन वर्षांनी डॉक्टरांना त्या सासरच्या गावाहून बोलावणं आलं. एका घरातली तीन जनावरं त्याच तऱ्हेनं वाळून गेली होती. एक मेलं होतं, ते त्यांनी फाडून पाहिलं. आतडं जाड झालेलं, आतून घड्याच घड्या, ओल्या गोधडीसारखं. दाराआड ती लेक उभी होती. सगळं गाव तिला पांढऱ्या पायाची म्हणत होतं. डॉक्टरांनी ओरडून सांगितलं की दोष पोरीचा नाही, गायीचा आहे. तेव्हा तिच्या सासऱ्यानं शांतपणे विचारलं, गाय आजारी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं ना? मग तुम्ही काय केलंत?

"मी काय केलं होतं? मी विचारलं होतं." डॉक्टरांनी अडकित्ता खाली ठेवला. "तेव्हापासून मी विचारत नाही."

ती लेक पुढे कुठे गेली ते मी विचारलं नाही. त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी सांगितलं असतं, असं मला वाटतं.

आता कुत्र्याबद्दल. तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडका, साधा गावठी कुत्रा. नाव पंच. नाव असं का म्हणून विचारलं तर म्हणाले, "पंचनाम्याला भरवशाचे साक्षीदार लागतात. या गावात हा एकच आहे." पंचाला ते लहानपणापासून दूधभात घालत. कपिलेची धार स्वतः काढायची, तिथल्या तिथे दूध गाळायचं आणि तेच दूध त्याच्या थाळीत. गवळ्याचा हात नाही, बाजाराचा वारा नाही. जगात एकाच वस्तूवर त्यांचा पुरा विश्वास होता, आणि ती म्हणजे स्वतः पिळलेलं दूध.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पंचाचं पोट बिघडलं. आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग दिवसातून सहा-सहा, सात-सात वेळा तो कुंपणाकडे धावू लागला. विष्ठेत आव पडू लागली, मग रक्ताचे धागे. खायचा मात्र नेहमीसारखा. ताप नाही, जंत नाहीत. खातोय, आणि तरी फासळ्या वर येताहेत. डॉक्टर दिवसातून चारदा वाकून बघायचे आणि एका वहीत लिहायचे. कात, खडू आणि सुंठीची पूड घालून झाली, कुड्याची साल उगाळून झाली. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच.

"हे माणगावच्या गायीसारखं दिसतंय," मी एकदा धीर करून म्हटलं.

"आतडं सुजलंय, तेवढं खरं. पण तो रोग गुरांचा. कुत्र्याला हे आपोआप होत नाही," ते म्हणाले. "याला कुणीतरी काहीतरी घालतंय."

झालं. घराचा तुरुंग झाला. फाटकाला कुलूप लागलं. पंचाला लांब दोरीनं पडवीत बांधला. भात जड म्हणून बंद केला आणि आजाऱ्याचं अन्न म्हणून नुसतं दूध सुरू झालं, सकाळ-दुपार-संध्याकाळ. पंच जितका खंगेल तितकं दूध वाढायचं. घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते पडवीच्या पायरीवर अडवायचे. "हात." माणूस हात पुढे करायचा आणि डॉक्टर वाकून तळवा हुंगायचे. यातून मीही सुटले नाही. रोज शाळेतून आले की मी न सांगता हात पुढे करायची. "खडू," ते म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. मी भाडं भरणारी बाई, रोज संध्याकाळी माझ्याच बिऱ्हाडात जायला माझा हात हुंगून घेत होते, आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

उलट मला वाटायला लागलं होतं की आपल्यावरचा संशय जावा. म्हणून मी जे केलं ते सांगायलाच हवं.

आमच्या कुंपणामागच्या पाणंदीतून रोज सकाळी चांगुणाबाय जायची. कोळीवाड्यातली, चाळिशीची, डोक्यावर मासळीची पाटी. आमच्या ब्राह्मण आळीत ती पाटी उतरवत नसे. पुढे भंडारवाड्यात तिचं गिऱ्हाईक होतं. एका सकाळी मी न्हाणीच्या खिडकीतून पाहिलं, तर ती कुंपणाशी थांबली, इकडेतिकडे बघितलं आणि कुंपणावरून काहीतरी आत टाकलं. पंचाची दोरी तेवढी पोचत होती. त्यानं ते गटकन खाल्लं आणि ती निघून गेली. असंच पुढे दोनदा पाहिलं. काय टाकते ते मला दिसलं नाही. दिसावं असा मी प्रयत्नही केला नाही. तिसऱ्यांदा पाहिलं त्या संध्याकाळी डॉक्टरांनी माझा हात जरा जास्तच वेळ हुंगला, तेव्हा मी म्हटलं, "माझे हात काय हुंगता? कोळणीचे हुंगा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. डॉक्टर काठी घेऊन कोळीवाड्यात निघाले. "साक्षीला तुम्ही चला," म्हणाले. मी गेले. बोंबील वाळत घालायच्या दोरांखाली आठ-दहा बायका बसल्या होत्या. चांगुणाबाय मध्येच उभी होती, हातात बोंबलांची जोडी.

"माझ्या कुत्र्याला काय घालतेस ते मला कळलंय," डॉक्टर म्हणाले. "बाईंनी डोळ्यांनी पाहिलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "भात घातलाय," ती म्हणाली. "भातान् उकडलेली मासली. रोज कुपनाशी येऊन बगत र्‍हातो, कसा र्‍हावल? इख न्हाय घातला."

"म्हणणारच. घालणारा कधी म्हणतो का? काटे आतड्यात रुतताहेत त्याच्या. आणि काट्यांबरोबर आणखी काय आहे ते मी शोधून काढीन."

"माजी बकरी तुमी बरी केलीत, दाक्तर. तवा बी मना एक सबूद इचारला न्हाय. तवा बरा वाटला, दाक्तराला न सांगता कलता म्हनून. आज बी इचारत न्हाय तुमी. सरल येऊन इख घातला म्हन्ता."

डॉक्टर वळले आणि चालू लागले. मी त्यांच्यामागून चालले.

गावात बातमी पोचायला दुपारही लागली नाही. चांगुणाबाय कुत्र्यांना विष घालते, असं झालं. मग कुणाचं तरी मांजर मेलं, तेही तिच्याच नावावर गेलं. भंडारवाड्यातली तिची गिऱ्हाइकं दुसऱ्या कोळणीकडे वळली. आमच्या पाणंदीतून तिचं जाणं बंद झालं. आठ दिवसांनी मी तिला एसटीच्या थांब्यावर पाहिलं. भरलेली पाटी घेऊन ती दूरच्या गावच्या बाजारी निघाली होती. माझ्याकडे बघून तिनं तोंड फिरवलं नाही. तिनं फिरवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

इकडे पंच सुधारेना. आता तर चोरूनही कुणी काही घालत नव्हतं. नुसतं कपिलेचं दूध. त्याचा नुसता सापळा उरला. डॉक्टर त्याचं डोकं मांडीवर घेऊन थाळी तोंडाशी धरायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "पी. हे माझ्या हातचं आहे, पी." तो मालकाकडे बघत प्यायचा. हा म्हातारा कुणाशी असा बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. पंच गेला तर यांच्यापाशी कुणीच उरणार नाही, या विचारानं मला रडू आलं होतं.

एका सकाळी दोरीला नुसता पट्टा लोंबत होता. पट्टा ढिला झालेला नव्हता, पंचाची मान बारीक झाली होती. आम्ही दोघांनी वाडी पालथी घातली, विहिरीत गळ टाकून पाहिला, समुद्राकाठी पुळणीवर हिंडलो. कुठे नाही. मरायला जनावर लांब जातं, असं डॉक्टर म्हणाले आणि दोरी सोडून गुंडाळून ठेवली.

पंधरा-वीस दिवसांनी ते माझ्या दारात आले. हातात ती वही. "तुमचं अक्षर चांगलं आहे. यातल्या नोंदी उतरवून द्या. फौजदाराकडे अर्ज करतोय. खाली साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल."

मी दिव्याची काच पुसून ठेवली आणि उरलेल्या उन्हात लिहायला बसले. वही नीट होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ, किती वेळा, घट्ट की पातळ, आव, रक्त. मधूनमधून लाल पेन्सिलीनं खुणा होत्या. 'कुंपणाशी ओल, पाणी ठिबकल्यासारखी.' 'कुंपणाशी माश्यांचा थवा, मासळीचा वास.' 'संशय.' ज्या ज्या दिवशी कुणीतरी काहीतरी टाकून गेलं असावं असं त्यांना वाटलं होतं, त्या दिवसांच्या त्या खुणा. मी एकेक उतरवत गेले. तिसऱ्या पानावर माझा हात थांबला. लाल खुणेच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं, 'दोन वेळा. बरीच घट्ट.' मी मागे गेले. पहिली लाल खूण, दुसरा दिवस, 'घट्ट.' दुसरी लाल खूण, दुसरा दिवस, 'आव कमी.' कोळीवाड्यातल्या त्या रविवारनंतर लाल खुणा संपल्या होत्या, आणि तिथून पुढे शेवटच्या पानापर्यंत 'पातळ, रक्त. पातळ, रक्त.' आणि रोजच्या नोंदीखाली तेच एक वाक्य, 'आहार : फक्त दूध, स्वहस्ते.'

शेण खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या माणसानं ते सगळं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं आणि त्याला ते वाचता आलं नव्हतं. मलाही तोवर कुठे आलं होतं?

मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कोळीवाड्यात गेले. तिची क्षमा मागायची एवढंच मनात होतं. बोंबलांच्या दोरांखाली वाळूत एक तांबूस कुत्रा पाय पसरून झोपला होता. एक कान उभा, एक पडका. पोट भरलेलं. फासळ्या अजून दिसत होत्या, पण आता मोजता येत नव्हत्या.

"त्यो आपल्या पायान् आला," चांगुणाबाय म्हणाली. "मी बोलावला न्हाय. हाकलला तरी जाईना. तुमाला सांगाया येनार व्हते, मंग म्हनला, सांगितला तर म्हनतील चोरून नेला."

"माझं चुकलं," मी म्हटलं. "काय टाकलं ते न बघताच मी सांगितलं."

"बगितला त्यो खराच व्हता, मास्तरीनबाय. मना इचारला न्हाय, येवडाच."

मी घरी आले. डॉक्टर पडवीत बसले होते. मी वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली, लाल खुणांवर आणि त्यांच्यापुढच्या दिवसांवर बोट ठेवत गेले, आणि म्हटलं, "पंच जिवंत आहे. चांगुणाबायकडे आहे."

त्यांनी विचारलं काहीच नाही. काठी उचलली.

कोळीवाड्यात त्यांना बघून पंच उठला, सगळं अंग हलवत धावत आला आणि धोतराला नाक घासू लागला. डॉक्टरांनी त्याला हात लावला नाही. ते चांगुणाबायच्या घराला वळसा घालून मागे गेले. मी, ती आणि मागोमाग इतर बायका गेलो. घरामागच्या वाळूत ते उकिडवे बसले आणि कुत्र्यानं सकाळी केलेलं काठीनं उलटंपालटं करून बघू लागले. घट्ट होतं. आव नाही, रक्त नाही. त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग पुढे सरकून आदल्या दिवसाचं पाहिलं. मग काठीवर भार देऊन उठले आणि चांगुणाबायसमोर येऊन उभे राहिले.

"काय घालतेस त्याला?"

जनावर ज्याच्याकडे आहे त्याला त्यांनी प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदा ऐकत होते.

"भात. बिनतिखटाची ढोमी, काटं काढून. नि पानी."

"दूध?"

"आमच्यान् दूध कुटला, दाक्तर. च्यापुरता आनतो." मग तिनं साधेपणानं विचारलं, "तुमी काय घालत व्हता?"

डॉक्टरांनी पंचाकडे पाहिलं. "दूध," ते म्हणाले. "मी स्वतः काढलेलं." "शेकडो वासरांचं दूध मी तोडलंय. मालकांना म्हणायचो, आतड्याला..." पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. मला पाठ होतं, पण मीही म्हटलं नाही.

"आतून सूज असेल त्याला, आणि दुधानं ती वाढत असेल," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "मी रोज वाढवत होतो."

"नुसता माज्याम्होरं नको," चांगुणाबाय म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्या दिवशी या बायकांम्होरं बोललात. भंडारवाड्यान् मना कुनी दारान् उभी करत न्हाय. आता बी त्यांच्याम्होरं बोला."

डॉक्टर बायकांकडे वळले. आयुष्यात जबान्या बऱ्याच घेतल्या असतील, पण द्यायची सवय त्यांना नव्हती. "हिनं माझ्या कुत्र्याला विष घातलं नाही," ते म्हणाले. "जे बाधत होतं ते मी घालत होतो. हिनं घातलं त्यानं तो जगला." मग पुढे जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. त्याच पावली ते भंडारवाड्यात गेले आणि प्रत्येक दारात उभं राहून हेच वाक्य म्हणाले. हात मात्र कुणाचा हुंगला नाही. दोन दारांत लोक हसले. एका दारात कुणी बाहेरच आलं नाही, तिथे ते बंद दारालाच सांगून पुढे गेले.

चांगुणाबायची गिऱ्हाइकं हळूहळू परतली, सगळी नाहीत. पाणंदीतून ती पुन्हा जायला लागली, पण कुंपणाशी थांबायचं तिला आता कारण नव्हतं. पंच तिच्याकडेच राहिला. डॉक्टरांनीच तसं ठरवलं, आणि त्याच्यासाठी तांदूळ पाठवायला लागले. ती ते आढेवेढे न घेता ठेवून घ्यायची. मी गेले ते वर्षभरानं, बदलीवर. तोवर रांगोळीची पूड, उजेडाकडे धरलेले लिफाफे, बासुंदीतली नळी, सगळं तसंच चालू होतं. माणूस बदलतो असं मला म्हणायचं नाही.

फक्त संध्याकाळी, उन्हं कलली की पंच कोळीवाड्यातून आपण होऊन यायचा आणि पडवीच्या पायरीशी बसायचा. डॉक्टर खुर्चीतून पुढे वाकायचे. मग थांबायचे. आधी स्वतःचा उजवा तळवा नाकाशी नेऊन हुंगायचे, धोतराला पुसायचे, पुन्हा हुंगायचे, आणि मगच तो हात त्याच्या डोक्यावर ठेवायचे.